मैलभर नाणी : शिकागोच्या साउथ साइडनं आपले चित्रकार कसे वाढवले

१९३८ साली शिकागोच्या साउथ साइडमधल्या काही मंडळींपुढे एक सरकारी देकार आला. महामंदीचे दिवस होते. रूझवेल्ट सरकार बेकार कलाकारांना पगारावर घेऊन त्यांच्याकडून भित्तिचित्रं करून घेत होतं, मुलांचे वर्ग चालवून घेत होतं आणि शहरोशहरी सामुदायिक कलाकेंद्रं उघडत होतं. तसं एक केंद्र साउथ साइडलाही मिळणार होतं. शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार वॉशिंग्टन देणार. जागा आणि तिचा चालू खर्च मात्र वस्तीनं उभा करायचा.

अट कागदावर रास्त होती. पण ती ज्यांना घातली होती ती माणसं गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणं करणारी, कत्तलखान्यांत राबणारी, रेल्वेच्या डब्यांत प्रवाशांची सरबराई करणारी, आणि मंदीमुळे पुष्कळदा सरळ बेकार असलेली. तरीही दोन-अडीच वर्षांत त्यांनी मिशिगन ॲव्हेन्यूवरची एक जुनी हवेली विकत घेतली. ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ आजही त्याच पत्त्यावर, ३८३१ साउथ मिशिगन ॲव्हेन्यू इथे, चालू आहे. ‘न्यू डील’ या रूझवेल्ट सरकारच्या मंदी-निवारण कार्यक्रमाच्या काळात देशभर अशी शंभराहून जास्त केंद्रं निघाली. त्यातली फारच थोडी आजवर तगली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं केंद्र १९३७ मध्ये शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांच्या पुढाकारानं उघडलं होतं आणि शिकागोपेक्षा कितीतरी नावाजलेलं होतं. सरकारी पैसा थांबला तसं तेही मिटलं.

मग शिकागोचंच का टिकलं? माझ्या मते कारणं दोन. सरकार दारात यायच्या आधीच इथल्या तरुण चित्रकारांना एकमेकांना शिकवायची सवय लागलेली होती. आणि सरकार निघून गेलं तेव्हा घर वस्तीच्या हातात होतं. ज्या अटीनं सुरुवातीला सगळ्यांना घाम फोडला, तिनंच पुढे संस्था वाचवली.

मराठी वाचकाला अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची चळवळ ओळखीची आहे ती बहुतेक दलित पँथरच्या वाटेनं, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीची. ही गोष्ट त्याच्या तीस-चाळीस वर्षं मागे सुरू होते, आणि तिच्यात घोषणा कमी, हिशेबाच्या वह्या जास्त आहेत.

दार उघडं, पुढे भिंत

१९१० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या ४४,१०३ होती. १९४० मध्ये ती २,७७,७३१ झाली. दक्षिणेतली कापसाची शेतं, कर्जाचे फास आणि झुंडींचे खून मागे टाकून माणसं आगगाडीनं उत्तरेला येत होती. ‘शिकागो डिफेंडर’ हे १९०५ पासून निघणारं कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र त्यांना या म्हणून सांगत होतं. पण आलेल्या माणसाला शहरात हवं तिथे घर मिळत नव्हतं. गोऱ्या मालकांनी घरांच्या करारांतच कलम घालून ठेवलं होतं की ही मालमत्ता कृष्णवर्णीयाला विकायची किंवा भाड्यानं द्यायची नाही. परिणामी साउथ साइडच्या एका अरुंद पट्ट्यात, ज्याला लोक पुढे ब्रॉन्झव्हिल म्हणू लागले, माणसं कोंबली गेली. एका फ्लॅटचे पाच-सहा तुकडे पाडायचे, प्रत्येक खोलीत एक कुटुंब आणि संडास सगळ्यांत एक. अशा खोल्यांना ‘किचनेट’ म्हणत.

या कोंडीचा एक उलटा परिणाम झाला. तो लिहिताना हात जरा अडखळतो, कारण त्यातून कोंडीचं समर्थन निघू नये. पण डॉक्टर, विमा कंपनीचा मालक, मोलकरीण, जॅझ वाजवणारा आणि चित्रकार होऊ पाहणारा शाळकरी मुलगा ही सगळी माणसं त्या पट्ट्यात एकमेकांच्या चालत जाण्याच्या अंतरावर होती. पैसेवाल्याला दूर जाता येत नव्हतं. चित्रकाराला आपला प्रेक्षक शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

शिक्षणाचं काय? इथे शिकागोची परिस्थिती दक्षिणेतल्या शहरांहून वेगळी होती. ‘आर्ट इन्स्टिट्यूट’च्या कलाशाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असे. विल्यम एदुआर्द स्कॉट तिथे शिकले, आर्चिबाल्ड मॉटली १९१८ मध्ये तिथूनच पदवीधर झाले. १९०६ मध्ये आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयानं हेन्री ओसावा टॅनर या कृष्णवर्णीय चित्रकाराचं चित्र विकतही घेतलं होतं. पण शाळेतून बाहेर पडलं की पुढे भिंत होती. शहरातल्या गॅलऱ्या चित्रं लावत नसत, जाहिरात कंपन्या काम देत नसत. १९२७ मध्ये त्याच संग्रहालयात ‘निग्रो इन आर्ट वीक’ झाला. नावाप्रमाणे तो एका आठवड्याचा होता.

चार्ल्स व्हाइटची गोष्ट या भिंतीची नेमकी जाडी सांगते. जन्म १९१८, शिकागो. आई घरकाम करणारी. कामावर जाताना मुलाला ती सार्वजनिक वाचनालयात बसवून जाई. सातव्या वर्षी तिनं त्याला रंगांची पेटी आणून दिली. चौदाव्या वर्षी पोरगा पाट्या रंगवून पैसे मिळवत होता. शाळेत असताना त्याला शहरातल्या दोन खासगी कलाशाळांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. तो प्रवेश घ्यायला प्रत्यक्ष गेला, त्यांनी त्याचा रंग पाहिला आणि दोन्ही शिष्यवृत्त्या परत घेतल्या. १९३७ मध्ये आर्ट इन्स्टिट्यूटची वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली ती तिसरी.

जॉर्ज नील यांचा वर्ग

मधल्या वर्षांत व्हाइटला ज्यांनी धरून ठेवलं ते जॉर्ज नील. हे नाव कलेतिहासाच्या जाड ग्रंथांत क्वचितच भेटतं, आणि या प्रकरणात सगळ्यात कमी श्रेय मिळालेला माणूस कोण असं विचारलंत तर मी त्यांचंच नाव घेईन. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा तरुण साउथ साइड सेटलमेंट हाउस या वस्तीतल्या समाजसेवा केंद्रात वर्ग घेई. १९३२ च्या सुमारास त्यांच्याभोवती ‘आर्ट क्राफ्ट्स गिल्ड’ नावाचा गट जमला. चार्ल्स व्हाइट, मार्गारेट टेलर (पुढे बरोज), एल्ड्झिअर कोर्टर, बर्नार्ड गॉस, चार्ल्स डेव्हिस, विल्यम कार्टर, जोसेफ कर्सी ही त्यातली मंडळी. बहुतेक जण विशीच्या आत-बाहेरचे. खिशात कुणाच्याच काही नाही.

नील यांनी त्यांना स्टुडिओतून उठवून रस्त्यावर नेलं. फळं-फुलं मांडून काढायचं सोडा, ती मोडकी घरं काढा, ती माणसं काढा, असा त्यांचा धोशा. आज हे फार साधं वाटतं. पण आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये युरोपीय प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून हात बसवणाऱ्या मुलांना आपली गल्ली हा चित्राचा विषय असू शकतो हे कुणीतरी सांगावं लागतं.

गिल्डची खरी कमाल पैशाच्या व्यवहारात होती. सगळ्यांची फी भरणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून ते पार्ट्या करत, तिकीट लावत, जमलेल्या पैशातून एकाला आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या एखाद्या वर्गाला बसवत. त्यानं तिथे शिकायचं आणि परत येऊन बाकीच्यांना तेच शिकवायचं. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी. एका फीमध्ये सगळा गट शिके. शिकवल्याशिवाय आपलं शिकणं पुरं होत नाही ही समजूत या मुलांच्या अंगात अशी मुरली. पुढे त्यातले बरेच जण आयुष्यभर शिक्षक राहिले त्याचं मूळ मला इथे दिसतं.

प्रदर्शनं चर्चमध्ये, वायएमसीएच्या दालनांत, सेटलमेंट हाउसमध्ये, कधी मोकळ्या मैदानातही भरत. म्हणजे चित्र पाहायला येणारा माणूस मुळात प्रार्थनेला किंवा पत्ते खेळायला आलेला असे. नील १९३८ मध्ये गेले, अगदी तरुण वयात. सरकारी केंद्राची पहिली बैठक झाली तेही १९३८ च.

मैलभर नाणी

देकार घेऊन आले होते पीटर पोलॅक. हे गोरे गॅलरीवाले. मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या गॅलरीत त्यांनी कृष्णवर्णीय चित्रकारांची कामं लावली होती आणि आता ते सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टसाठी काम करत होते. त्यांनी आधी ‘डिफेंडर’चे संपादक मेट्झ लोशार यांना गाठलं. तिथून समाजसेविका पॉलिन काय रीड, विमा व्यवसायातले गोल्डन डार्बी अशी साखळी जुळत गेली. वृत्तपत्र, समाजसेवा, विमा ही वस्तीतली तीन कामाची दारं. शिक्षिका होत्या, क्लबांतल्या बायका होत्या, आणि अर्थात चित्रकार होते.

पैसे उभे करायच्या युक्त्यांत सगळ्यात लक्षात राहते ती ‘माइल ऑफ डाइम्स’. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, आकारानं सगळ्यात लहान. अशी नाणी एकापुढे एक मांडून मैलभर ओळ करायची. गिल्डमधल्या विशीतल्या मार्गारेट एकोणचाळिसावा रस्ता आणि साउथ पार्कवे यांच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभ्या राहत. मी हिशेब करून पाहिला : डाइमचा व्यास सुमारे १७.९ मिलिमीटर, त्यामुळे एका मैलात जवळजवळ ९०,००० नाणी बसतात, म्हणजे ९,००० डॉलर. आणि हवेली मिळाली ती सुमारे ८,००० डॉलरला. नाणी प्रत्यक्षात मैलभर झाली की नाही हा मुद्दा गौण आहे. मोहिमेचं नाव ठेवणाऱ्यानं घराची किंमत आणि रस्त्यावरच्या माणसाचा खिसा दोन्ही डोळ्यांसमोर ठेवले होते असं मानायला मला आवडेल. दहा सेंट देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळत होतं, आणि दिल्यावर ते घर थोडं आपलं आहे असं तो म्हणू शकत होता.

दुसरी युक्ती श्रीमंतांसाठी : ‘आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स बॉल’. १९३९ च्या ऑक्टोबरात सॅव्हॉय बॉलरूममध्ये पहिला झाला आणि पुढे वार्षिक झाला. पोशाख, सजावट, नाच, मिरवणं. वस्तीतल्या प्रतिष्ठितांना आपण तिथे दिसलो पाहिजे असं वाटावं अशी सगळी व्यवस्था. त्याच बॉलमध्ये व्हाइट यांचं ‘फाइव्ह ग्रेट अमेरिकन निग्रोज’ हे भित्तिचित्र लोकांपुढे आलं. त्यातले पाच जण चित्रकारानं मनानं निवडले नव्हते. ‘डिफेंडर’नं वाचकांचा कौल घेतला होता. सोजर्नर ट्रूथ, बुकर टी. वॉशिंग्टन, फ्रेडरिक डग्लस, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि गायिका मरियन अँडरसन अशी नावं त्यातून आली. चित्र लोकांना विचारून काढायचं ही पद्धत शिकागोत पुन्हा एकदा दिसणार होती, अठ्ठावीस वर्षांनी, एका मोडक्या दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर.

हवेली १८९० च्या दशकाच्या सुरुवातीची. गुस्ताफ हॉलबर्ग या वास्तुविशारदानं धान्याच्या एका व्यापाऱ्यासाठी बांधलेली, त्या काळी गोऱ्या श्रीमंतांचा तो रस्ता होता. आता ती उतरणीला लागलेली. डागडुजी झाली, आणि आतली प्रदर्शनाची दालनं हिन ब्रेडेनडीक आणि नेथन लर्नर या ‘न्यू बाउहाउस’शी संबंधित दोघांनी आखली. बाउहाउस या जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेचे मोहोली-नॉज १९३७ मध्ये शिकागोत येऊन शाळा काढून बसले होते. त्यांच्या पंथातली साधी, उभ्या फळ्यांची लाकडी भिंत साउथ साइडच्या व्हिक्टोरियन घरात आली. फळीला खिळा ठोका, काढा, पुन्हा ठोका. ती फळ्यांची भिंत अजून आहे आणि भोकांनी भरलेली आहे.

डिसेंबर १९४० मध्ये केंद्र उघडलं. ७ मे १९४१ रोजी एलिनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या, समारंभ रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक हजर होते.

उद्घाटनाच्या दिवशीची कुरबुर

‘समाजानं कलाकारांना वाढवलं’ असं वाक्य लिहिताना समाज हा एकच माणूस असल्यासारखा वाटतो. तसं नव्हतं. कार्यकारी मंडळात व्यावसायिक, वकील-डॉक्टर, समाजसेवक आणि क्लबातल्या बायका. त्यांना केंद्र म्हणजे वस्तीची इभ्रत वाढवणारी संस्था हवी होती. चित्रकार गरीब, त्यातले बरेच डाव्या विचारांचे. त्यांना हवं होतं काम, जागा आणि पगार. आपल्या नावानं चाललेल्या या खटाटोपात आपली जागा कुठे, असा प्रश्न त्यांना पडलेला होता.

उद्घाटनाच्या दिवशी चित्रकारांच्या वतीनं मार्गारेट बोलल्या. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा : कलावंताला पोटमाळ्यावर राहायला, जुनेर घालायला आणि उपाशी चेहऱ्यानं हिंडायला आवडतं, मेल्यावर पन्नास वर्षांनी धूळ खात पडलेली चित्रं कुणाला सापडली की तो कृतार्थ होतो, ही कल्पना आम्हाला मुळीच गौरवाची वाटत नाही. हे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीसमोर आणि आपल्याच आश्रयदात्यांसमोर सांगायला छाती लागते. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत आवडणारा क्षण आहे, कारण मदत घेताना मान खाली घालायची नाही हे त्यात स्पष्ट आहे.

घरात काय चालायचं

रेखाटन, रंगकाम, कुंभारकाम, विणकाम, सिल्कस्क्रीन, लिथोग्राफी, छायाचित्रण. लहानांचे वर्ग, मोठ्यांचे वर्ग, फुकट. शिक्षक पगारावर होते ही गोष्ट आपण भावनेच्या भरात विसरतो. व्हाइट, कोर्टर यांच्यासारख्यांना चित्रकलेसाठी दर आठवड्याला पैसे मिळत होते, आणि ते सरकारचे होते.

गॉर्डन पार्क्स मिनेसोटाहून आले, तेव्हा ते फॅशन फोटोग्राफीवर पोट भरू पाहणारे हौशी छायाचित्रकार होते. केंद्रानं त्यांना तळघरात डार्करूम दिली. मोबदल्यात ते केंद्राचं काम करत, वस्तीतल्या श्रीमंत बायकांचे फोटो काढत, आणि उरलेल्या वेळात बाहेर पडून किचनेटमधल्या माणसांचे. त्या छायाचित्रांचं प्रदर्शन केंद्रातच झालं आणि त्या बळावर १९४२ मध्ये त्यांना रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली. ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. तिथून ते वॉशिंग्टनला गेले.

रोझेनवाल्ड फंड हा सीअर्स रोबक कंपनीच्या ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पैशातला. व्हाइट, कोर्टर, पुढे एलिझाबेथ कॅटलेट यांनाही त्याची मदत झाली. कोर्टर त्या पैशावर जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर जाऊन राहिले आणि तिथल्या बायकांची ती लांब, ताठ मानेची चित्रं घेऊन आले. म्हणजे गोऱ्या धनिकाचा पैसा या गोष्टीत आहेच. फक्त अर्जासोबत जोडायला प्रदर्शन हवं, काम करायला जागा हवी आणि तुमच्याबद्दल चार शब्द लिहिणारं कुणी हवं. ते मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या घरात मिळत होतं.

कॅटलेट १९४१ च्या उन्हाळ्यात आल्या, मार्गारेटबरोबर राहिल्या, केंद्रात लिथोग्राफी शिकल्या, चार्ल्स व्हाइटशी लग्न करून गेल्या. त्याच सुमारास केंद्रात आयनेझ कनिंगहॅम स्टार्क या श्रीमंत गोऱ्या बाईंनी कवितेचा वर्ग चालवला. त्यात ग्वेंडोलिन ब्रूक्स होत्या. नऊ वर्षांनी, १९५० मध्ये, पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखक ठरल्या.

पगार थांबल्यावर

१९४३ मध्ये सरकारी योजना गुंडाळली गेली. युद्धामुळे बेकारी उरली नव्हती, त्यामुळे बेकारांसाठीची योजनाही उरली नाही. पगार एकदम बंद. घर मात्र होतं. त्याचं छत गळो, बॉयलर बिघडो, पण कुणी जागा खाली करा म्हणून सांगू शकत नव्हतं. सभासदांची वर्गणी, वार्षिक बॉल, आणि मुख्यतः फर्न गेडन यांच्यासारख्या समाजसेविका आणि शिक्षिका असलेल्या बायकांचे फुकट दिलेले तास यांवर पुढची दशकं निघाली. मोठी प्रदर्शनं कमी झाली. कधीकधी ते नुसतं तग धरणं होतं.

या काळातला एक डाग झाकून चालणार नाही. शीतयुद्धाच्या भीतीत डाव्या माणसांपासून अंतर ठेवायची घाई सगळीकडे होती. डाव्या विचारांचे कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांच्याबद्दलच्या मतांवरून मार्गारेट यांना शिक्षण मंडळानं चौकशीला बोलावलं, त्या रजा घेऊन १९५२ मध्ये मेक्सिकोला गेल्या. ज्या केंद्रासाठी त्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभ्या राहिल्या, त्याच्याच कारभारातून त्यांना बाजूला सारलं गेलं.

मेक्सिकोत त्या ‘तायेर दे ग्राफिका पॉप्युलार’ या छापील चित्रांच्या कार्यशाळेत शिकल्या. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरलेल्या ठशाचं चित्र, हे त्यांचं माध्यम पक्कं झालं ते तिथे. एका ठशातून कितीतरी प्रती निघतात आणि एक प्रत शाळामास्तरालाही परवडते. १९५७ पासून त्यांनी लेक मेडोज या नव्या वसाहतीच्या हिरवळीवर कलाजत्रा भरवायला सुरुवात केली. विकणारे वस्तीतले, घेणारे वस्तीतले.

आणि १९६१ मध्ये त्यांनी आणि पती चार्ल्स बरोज यांनी आपल्याच घरात, ३८०६ साउथ मिशिगन ॲव्हेन्यू, केंद्राच्या जवळजवळ समोर, एक संग्रहालय काढलं. दिवाणखान्यात कपाटं, मुलांच्या सहली. तेच पुढे ड्युसेबल म्युझियम झालं आणि १९७३ मध्ये वॉशिंग्टन पार्कमधल्या मोठ्या इमारतीत गेलं. या वर्षांतला बराच काळ त्या ड्युसेबल हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होत्या. संस्थेनं ढकललं तर रस्ता ओलांडून दुसरी संस्था काढायची, हे बाई सहज करून गेल्या.

गुत्त्याची भिंत

साठच्या दशकातल्या तरुणांना हवेलीतलं वातावरण जुनाट वाटू लागलं होतं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘ओबासी’ या नव्या संघटनेच्या चित्रकार-छायाचित्रकारांनी त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या एका पडीक इमारतीची भिंत घेतली. विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू असे अनेक जण. सिल्व्हिया ॲबरनेथी यांनी भिंतीची आखणी केली. मुहम्मद अली, माल्कम एक्स, नीना सिमोन, जॉन कोल्ट्रेन, ग्वेंडोलिन ब्रूक्स भिंतीवर आले. मार्टिन ल्यूथर किंग आले नाहीत. त्या कोपऱ्याला तेव्हा ते नेमस्त वाटत होते. नाव ठेवलं ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. मालकाची परवानगी नव्हती, महापालिकेची नव्हती. परवानगी होती ती रस्त्यावरच्या माणसांची, त्यात तिथल्या टोळीचीही.

भिंतीवरून चित्रकारांत भांडणंही झाली. नॉर्मन पॅरिश यांचा भाग पांढरा रंग फासून पुसला गेला आणि त्यावर नवं काढलं गेलं. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली, १९७२ मध्ये ती पाडली. तोवर देशातल्या इतर शहरांत अशा भिंती उभ्या राहिल्या होत्या. याच मंडळींतल्या काहींनी १९६८ मध्ये पुढे ‘ॲफ्रिकोब्रा’ म्हणून ओळखला गेलेला गट काढला. चटक रंगांची, अक्षरांनी भरलेली सिल्कस्क्रीन पोस्टरं, मुद्दाम स्वस्त. बरोजबाईंच्या लिनोकटचाच हिशेब इथे परत आला होता, जरी या तरुणांनी ते फारसं कबूल केलं नसतं.

कोण राहिलं, कोण गेलं

या प्रकरणाची एक दुबळी बाजू आहे. वस्ती चित्रकार घडवू शकली, त्यांना पोसू शकली नाही. व्हाइट, कॅटलेट, पार्क्स, कोर्टर सगळे गेले. न्यूयॉर्कला, मेक्सिकोला, कॅलिफोर्नियाला. सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये घरांच्या करारांतली ती कलमं निकामी केल्यावर पैसेवाली कुटुंबंही हळूहळू दूर राहायला गेली आणि तो चालत जाण्याच्या अंतरावरचा प्रेक्षक विरळ झाला. २००३ मध्ये साउथ साइडच्या काही संग्राहकांनी ‘डायस्पोरल ऱ्हिदम्स’ ही संघटना काढली. जिवंत चित्रकारांची कामं घ्यायची, कोटींचा खेळ करायचा नाही, पगारदार माणसानंही संग्राहक व्हायचं. जुनी रीत, नव्या पिढीकडून.

गेलेल्यांतलं काही फिरून परत आलं. व्हाइट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाला गेले आणि १९६५ पासून १९७९ मधल्या मृत्यूपर्यंत लॉस एंजेलिसच्या ओटिस कलाशाळेत शिकवत राहिले. त्यांचा एक विद्यार्थी केरी जेम्स मार्शल १९८७ मध्ये शिकागोत येऊन स्थायिक झाला. नील यांच्या वर्गातून निघालेली शिकवणूक एका माणसाच्या अंतरानं पुन्हा साउथ साइडला पोचली.

मार्शल यांचं ‘पास्ट टाइम्स’ हे चित्र शिकागोचं अधिवेशन-केंद्र चालवणाऱ्या सार्वजनिक प्राधिकरणानं १९९७ मध्ये २५,००० डॉलरला घेतलं होतं. २०१८ मध्ये ते लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं. हा आकडा पाहून महापालिकेलाही आठवलं की आपल्याकडेही एक मार्शल आहे : ‘नॉलेज अँड वंडर’, १९९५ मध्ये वेस्ट साइडच्या लेग्लर वाचनालयासाठी काढलेलं, मुलं पुस्तकांकडे पाहत उभी असलेलं. चित्रकाराला तेव्हा १०,००० डॉलर मिळाले होते. वाचनालयांच्या सुधारणेसाठी ते विकायचं असं महापौरांनी जाहीर केलं. मार्शल उघडपणे नाराज झाले, शहरात ओरड झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्री रद्द झाली. वाचनालय वस्तीतलं, चित्र वस्तीतल्या मुलांचं, पण मालकी महापालिकेची. त्यामुळे विकायचं ठरलं ते नगरभवनात, आणि मागे घेतलं गेलं तेही तिथेच.